एकोणिसावी ओळ

“सर, एक्केचाळीस होते. सकाळपर्यंत होते. आता एकही दिसत नाही.”

मास्तरांनी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने वर्गाचं दार ओढून घेतलं. आत तेवीस जण माना खाली घालून सराव करत होते. व्हरांड्यात कॉफीच्या यंत्राची घरघर चालली होती, म्हणून ते जिन्यापर्यंत गेले.

“बाई, सावकाश सांगा. काय होते?”

“आवाज, सर. आमच्या आवाजघरातले. काल एक आजोबा म्हणाले, यादीतली अक्षरं दिसत नाहीत, मोठी करा. मी फायलीतला तेवढा आकडा बदलला. सोळाचे बावीस केले आणि फाइल परत चढवली, तुम्ही शिकवलंय तशीच. अक्षरं मोठी झाली, सर. छान झाली. पण खाली यादी रिकामी.”

“लाल काही दिसतंय का?”

“नाही ना. सगळं हिरवं आहे.”

सगळं हिरवं, म्हणजे काही बिघडलेलं नाही. म्हणजे सांगितलं तेच आणि तेवढंच झालं. 

“बाई, ही फाइल मुळात कुठून घेतली होती?”

“कुठून म्हणजे? तुमचीच. नमुना चार. फक्त ग्रंथालयाचं नाव घातलं आणि तो अक्षरांचा आकडा, बाकी कशाला हात लावला नाही. फाइल बरोबरच आहे हो, अकरा महिने बिनबोभाट चालली. मीच कुठंतरी माती खाल्लीय. तुम्हाला उगाच त्रास देतेय.”

इथे एक वाक्य बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. त्याऐवजी मास्तर म्हणाले, “कशालाही हात लावू नका. उद्या येतो मी.” जणू उद्यापर्यंत काही टिकून राहणार होतं. जायचं ते गेलं होतं, आणि ते त्यांना जिन्याच्या त्या पायरीवरच कळलं होतं.

मास्तरांचा धंदा तसा चारचौघांना सांगायला अवघड. संगणकावर चालणारे प्रोग्रॅम हल्ली एकेका कंटेनरमध्ये बंद करून ठेवतात. मास्तर त्याला वर्गात सरळ डबा म्हणत. असे दहा-वीस-शंभर डबे झाले की त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मुकादम लागतो. डबा पडला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, जुना झाला की काढून नवा आणायचा, हे तो मुकादम न सांगता करतो. म्हणजे मुकादम हाही एक प्रोग्रॅमच. पण काय करायचं हे त्याला आधी एका साध्या फायलीत लिहून द्यावं लागतं: कोणता डबा, किती, त्याच्याबरोबर काय. ती फाइल कशी लिहायची, हे मास्तर शिकवत. त्यासाठी त्यांनी बारा नमुने करून ठेवले होते. उचला, नाव बदला, चालवा.

आणि नमुने म्हणजे काय नमुने! दुसऱ्यांच्या फायली मारुतीच्या शेपटासारख्या लांबायच्या, मास्तरांची एकही फाइल अठरा ओळींच्या पुढे जायची नाही. त्यालाही कारण होतं. जुन्या वर्गातल्या पडद्यावर अठराच ओळी मावत. एकोणिसावी आली की पडदा खालीवर करावा लागे, आणि खालीवर केलं की मागच्या बाकावरचे हरवत. म्हणून अठरा. संस्थेत त्यांना ‘अठराओळी’च म्हणत, आणि ते नाव ऐकलं की मास्तर वरवर कपाळाला आठ्या घालत आणि आतून सुखावत. संस्थेने ते नमुने सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. कुठून कुठून लोक उतरवून घेत, आभाराची पत्रं पाठवत. मास्तर ती जपून ठेवत.

नमुना चार मात्र जन्मला तेव्हा एकोणीस ओळींचा होता. त्या नमुन्यात डब्याला सामान ठेवायला एक जागा द्यायची असे, आणि सोपं जावं म्हणून मास्तरांनी ती तात्पुरती दिली होती. तात्पुरती म्हणजे डबा आहे तोवर सामान आहे. मुकादमाने जुना डबा काढून नवा उभा केला की जुन्यातलं सगळं साफ. हे शिकणाऱ्याला कळावं म्हणून शेवटी एक सूचना लिहिलेली होती. ती एकोणिसावी. एका दुपारी वरिष्ठ तपासणीला येऊन मागे बसले, मास्तरांनी नेमका नमुना चार काढला, पडदा वर गेला, खाली आला, परत वर गेला, आणि कोणीतरी खुदकन हसलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी सूचना उडवली. तोंडाने सांगेनच की, असं म्हणाले. दोन-तीन तुकड्यांना सांगितलंही. मग विसरले.

घरी जेवताना बायको म्हणाली, “भाजीत मीठ नाहीये.”

“हं.”

“मीठ नाहीये आणि तुम्ही बोलला नाहीत. काय झालंय?”

बायको औषधाच्या दुकानात काम करत असे. तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून तिला माणसाच्या तोंडावरची चिठ्ठीही वाचता येऊ लागली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना ते शिकवण्याच्या सुरात गेले. नमुना म्हणजे नमुना. सरावाची फाइल कोणी खऱ्या कामाला लावतं का? तशी चूक बाईंचीच. दुसरी प्रत ठेवायला नको? चूक बाईंची. अर्थात बिचारीचा दोष नाही म्हणा, पण तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर चूक तिचीच.

बायकोने मिठाची बरणी त्यांच्याकडे सरकवली.

“तीनदा सांगितलंत, चूक तिची. मी एकदाही विचारलं नव्हतं.”

“तसं नाही गं…”

“आमच्याकडे एक मलम येतं. ‘पोटात घेऊ नये’ म्हणून चिठ्ठी असते त्याला. बाटली बारकी, चिठ्ठी मोठी, नीट बसतच नाही. वाकडी दिसते.” ती उठून ताटं गोळा करू लागली. “तरी लावते मी.”

मास्तर पानावरच बसून राहिले. हात वाळला तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मास्तर दुपारच्या बसने ग्रंथालयात पोचले.

ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्या मास्तरांच्या पहिल्या तुकडीत होत्या. वय तेव्हा बावन्न, तुकडीत सगळ्यात मोठ्या. बाकीची मंडळी फोनवर फोटो काढायची, या पहिल्या बाकावर बसून पडद्यावरची ओळ न् ओळ वहीत उतरवून घ्यायच्या, समासाला पट्टी लावून. कोणीतरी म्हणालं होतं, बाई, हे सगळं फायलीत मिळतं. बाई म्हणाल्या होत्या, हातातून गेल्याशिवाय माझ्या डोक्यात जात नाही.

वर्तमानपत्रांच्या कपाटामागे जुनं गोदाम होतं. त्याचं त्यांनी आवाजघर केलं होतं. भिंतींना फोम, दाराला जाड घोंगडी, दोन खुर्च्या, एक माइक. गावातली म्हातारी माणसं यायची, दहा-बारा मिनिटं मनाला येईल ते बोलायची. टपालवाला होता, सुईण होती, चाळीस वर्षं एकाच पुलावर दिवे लावणारा होता. माइकमधून बोललेलं थेट संगणकात, आणि बाहेरच्या टेबलावर हेडफोन लावून कोणीही ऐकावं. दुसरी प्रत कुठंच नव्हती. मास्तरांच्या फायलीवर विश्वास असताना ती कशाला लागेल, असं बाईंना वाटलं होतं.

“बसा, सर. चहा करते. तुम्ही शोधा.”

मास्तरांनी पाहायचं ते पहिल्या चार मिनिटांत पाहिलं. जुना डबा गेला होता. त्याची तात्पुरती जागा त्याच्याबरोबर गेली होती. मुकादमाने काम चोख केलं होतं. त्यानंतरचा दीड तास मास्तरांनी नाटक केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळवल्या. भुवया आवळल्या. एकदा “हं, असं आहे होय,” असंही म्हणाले, आणि म्हणताना स्वतःचीच लाज वाटून त्यांचे कान तापले.

बाई समोर बसून पाकिटांवर पत्ते घालत होत्या.

“काय लिहिताय?”

“सगळ्यांच्या घरी पत्रं. एक्केचाळीस.” त्यांनी एक काढून वाचून दाखवलं. “‘माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्या घरच्यांचा आवाज कायमचा नष्ट झाला आहे. मी आपली अपराधी आहे.’ ‘अपराधी’ जास्त होतं का हो? पण दुसरा शब्द सुचेना.”

मास्तर पडद्याकडे बघत राहिले.

“शुक्रवारी समितीची बैठक आहे. आवाजघराची किल्ली परत देऊन टाकतेय. ज्याला कळतं त्याने चालवावं.”

“कोण आहे तसं?”

“कोणी नाही. कुलूप लागेल.” बाई जराशा हसल्या. “हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पन्नाशीनंतर शिकायला गेले ना. भावजय म्हणालीच होती, या वयात कशाला नसते उद्योग.”

पाकिटावर जीभ फिरवून त्यांनी ते बंद केलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. मास्तरांनी कळफलकावरचे हात काढून मांडीवर घेतले.

“बाई, ती पत्रं पाठवू नका.”

बाईंचा चेहरा एकदम उजळला. “सापडले?”

तो उजळलेला चेहरा मास्तरांना बघवेना. कालच फोनवर सांगितलं असतं तर निदान हा एक क्षण तरी बाईंच्या वाट्याला आला नसता.

“नाही सापडले. सापडणार नाहीत. हे मला काल तुमचा फोन आला तेव्हाच कळलं होतं. आत्ता दीड तास मी काहीही शोधत नव्हतो. तुमची चूक नाही, बाई. तुम्ही आकडा बदलून फाइल चढवलीत की डबा नवा उभा राहतो आणि जुन्यातलं जातं. माझ्या फायलीत तसंच लिहिलेलं आहे. तिथे एक सूचना होती, जपायचं काही इथे ठेवू नका म्हणून. ती मी काढली.”

बाई उठून कपाटाकडे गेल्या आणि तपकिरी कव्हरची वही घेऊन आल्या. पानं उलटली. नमुना चार. निळ्या शाईत, ओळींना आकडे घातलेले. एकोणिसाव्या ओळीखाली लाल रेघ होती, पट्टीने मारलेली.

“ही?”

“हीच.” मास्तर वहीवर वाकले. “तुमच्याकडे होती?”

“मी पहिल्या तुकडीतली ना. आवाजघर सुरू करताना तुमची फाइल उतरवून घेतली, आणि आधी वहीशी ताडून पाहिली. ओळ न् ओळ. ही तिथे नव्हती. अर्धा दिवस विचार केला मी.” बाईंनी लाल रेघेवर बोट ठेवलं. “म्हटलं, सरांनी काढलीय म्हणजे आता ती भीती राहिली नसेल. काहीतरी सुधारलं असेल त्यांनी. उगाच कशाला काढतील?”

बाईंनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

“पडद्यावर मावत नव्हती,” ते म्हणाले.

“काय?”

“वर्गातल्या पडद्यावर. अठरा ओळी मावायच्या. ही खाली जायची.”

“मावत नव्हती,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पाकीट उचललं, नुकतंच चिकटवलेलं, आणि उभं फाडलं. मग दुसरं. तिसऱ्याला हात थांबला. डोळे भरून आले होते, पण आवाज वर्गात शंका विचारायच्या तसाच सरळ होता.

“मी काल रात्रभर स्वतःला बोल लावत होते, सर. कालच सांगायचंत.”

“हो.”

“पत्रं मी पुन्हा लिहीन. काय झालं ते जसंच्या तसं लिहीन.”

“लिहा. माझं नाव घाला.”

“घालणारच आहे.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. “ती फाइल आधी नीट करा. अजून कोणी उतरवून घेत असेल.”

मास्तरांनी नमुना चार उघडला. बोटं कळांवर ठेवली आणि थांबले. आपण काय लिहिलं होतं ते त्यांना आठवेना. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच काढलेली ओळ, आणि तिचे शब्द त्यांच्याकडे नव्हते. बाईंनी वही पुढ्यात ओढली आणि सांगू लागल्या, सावकाश, मास्तर वर्गात सांगत तशा.

“‘फक्त सरावासाठी.’ पूर्णविराम. ‘डबा गेला की आतलं सगळं जातं.’ पूर्णविराम. ‘जपायचं ते इथे ठेवू नका.’”

“खाली घालू?”

“वर. सगळ्यात वर. मग पडद्यावर मावलं नाही तर दुसरं काहीतरी जाईल खाली.”

मास्तरांनी ती वर घातली आणि फाइल संस्थेच्या संकेतस्थळावर पाठवून दिली. आता जायला हरकत नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी पिशवी उचलली. चारची बस मिळाली असती.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “शिंपीकाका येतील चार वाजता. मंगळवारी त्यांचं दुकान बंद असतं. काकू इथे बोलून गेल्या आणि दोन महिन्यांनी वारल्या. तेव्हापासून एक मंगळवार चुकवलेला नाही. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.”

मास्तर पिशवी धरून उभे राहिले.

“ते तुम्ही सांगा, सर.”

“मी?”

“मग कोण?”

शिंपीकाका आले ते चारला पाच कमी असताना. वाळकी काया, गळ्यात मापाची टेप. दुकान बंद असलं तरी ती काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. हेडफोनच्या टेबलाकडे निघाले, तेवढ्यात मास्तर मधे आले.

मास्तरांना रोज शिकवायची सवय. अवघडातलं अवघड ते सोपं करून सांगत. आज त्यांना शब्द जुळवता येईनात. डबा म्हणाले, मुकादम म्हणाले, तात्पुरती जागा म्हणाले, आणि शेवटी सगळं सोडून म्हणाले, “काकूंचा आवाज गेला, काका. माझ्यामुळे गेला. परत मिळणार नाही.”

शिंपीकाकांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“म्हणजे तुम्ही बेतायचे कागद करता,” ते म्हणाले. “लोक त्यावरून कापतात.”

“हो. तसंच.”

“माझ्या मालकांनी दिले होते मला तसले, शिकत होतो तेव्हा. कडेला लिहिलेलं असायचं, शिवणीला अर्धा इंच सोडा. ते लिहिलेलं नसलं की कागद बरोबर असतो, कापड बरोबर असतं, कापणारा बरोबर असतो, आणि शर्ट अंगात शिरत नाही.” त्यांनी मान वर केली. “ते का खोडलंत?”

“जागा पुरत नव्हती.”

शिंपीकाकांनी मान हलवली. रागाने नव्हे. गिऱ्हाइकाने काहीतरी अशक्य सांगितलं की हलवतात तशी.

“कापड दुसरं आणता येतं,” ते म्हणाले.

मास्तर उभेच होते. “मला माफ करा, काका.”

“करीन. आज नाही जमणार.”

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका गृहस्थाने पान उलटलं. शिंपीकाका उठले आणि टेबलापाशी गेले. खुंटीवरचे हेडफोन त्यांनी काढले.

“काका,” बाई हलकेच म्हणाल्या, “त्यात आता काही नाही.”

“कळलं मला. मंगळवार आहे ना. बसतो जरा.”

त्यांनी हेडफोन कानाला लावले, टेप सरळ केली आणि डोळे मिटले. मास्तर बाईंच्या टेबलाशी आले. चारची बस गेली असेल, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“काय बोलल्या होत्या काकू?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“बटणांचा डबा सांडला त्याची गोष्ट. लग्न होऊन चार दिवस झाले होते, दुकानात पहिल्यांदाच गेल्या आणि सगळ्या रंगांची बटणं एकत्र करून ठेवली. मग दोघं रात्रभर निवडत बसले. मधे एकदा खूप हसतात. शेवटी म्हणतात, ‘पुरे आता, दुकान उघडायचंय.’” बाईंनी नाक पुसलं. “अकरा मिनिटं होती.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. मास्तर काट्याकडे बघत राहिले. शिंपीकाका हलत नव्हते. चार वाजून आठ मिनिटांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला आणि ओठांच्या कडा वर गेल्या. मग पुन्हा पहिल्यासारखा झाला.

चार वाजून तेरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळून खुंटीला लावली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “बरं, चला.”

दाराकडे जाताना ते मास्तरांपाशी क्षणभर थांबले. मास्तरांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाचा दोरा लोंबत होता. शिंपीकाकांनी तो दोन बोटांत धरला, दाताने तोडायला वाकले, आणि मग न तोडताच सोडून दिला.